रोजच्या वापराचा रेनकोट

“हात वर करा. आणखी वर. फळीवरचा डबा काढतो तसे,” दुकानातली मुलगी म्हणाली.

हॅलोबाईंनी हात वर केले. निळ्या रेनकोटची कड सरकत कमरेच्या वर गेली आणि आतला स्वेटर दिसायला लागला.

“हा नको. चढावर हात टेकायची वेळ आली की कंबर भिजणार.”

“चढावर,” दारापाशी स्टुलावर बसलेले मिस्टर म्हणाले. “आपला जिना चढताना दोनदा थांबते ती.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या दांडीवरून तिने गडद हिरवा रेनकोट काढला.

हॅलोबाई हे नाव त्यांना इस्पितळात पडलं होतं. सगळं आयुष्य त्यांनी तिथल्या टेलिफोन खोलीत काढलं. डॉक्टर आला नाही, खाट मिळाली नाही, रुग्णवाहिका अजून पोचली नाही, ज्याला जे ओरडायचं ते तो आधी त्यांच्या कानात ओरडे. “थांबा हं, जोडून देते,” असं त्या ज्या आवाजात म्हणत, तो आवाज पुढे घरीही तसाच राहिला. मिस्टरांना तो डोक्यात जाई. मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. जगातली प्रत्येक वस्तू कोणीतरी निष्काळजीपणे बसवलेली आहे, असं त्यांचं मत होतं आणि त्यात बायकोही आली. त्यांची मुलगी लांबच्या शहरात राहायची. तिचा फोन आला की आधी आईशी बोलायची, मग बाबांशी. एकाशी झालेलं बोलणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे तिला लहानपणीच कळलं होतं.

आता डोंगरात राहणाऱ्या आक्काचं, हॅलोबाईंच्या थोरल्या बहिणीचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. आक्का एकटी. बस जिथे संपते तिथून तिच्या घरापर्यंत तासभराची पायवाट, आणि वर पाऊस असा की वर्षातले थोडे महिनेच थांबतो.

“मी जाते,” हॅलोबाई म्हणाल्या होत्या.

“जा की. धरलंय कोणी?” मिस्टर म्हणाले होते. आणि त्या खरेदीला निघाल्या तेव्हा चपला घालून मागोमाग आले होते. “तुला काय कळतंय त्यातलं? काहीही गळ्यात मारतील.”

हिरवा रेनकोट अंगात गेला. मुलीने टोपीची दोरी ओढून चेहऱ्याभोवती आवळली.

“बेडूक,” मिस्टर म्हणाले.

“काका, उजेडातून जरा बाजूला होता का?”

मिस्टर हलले नाहीत. मुलीने तांब्या घेतला आणि हॅलोबाईंच्या खांद्यावर पाणी ओतलं. थेंब घरंगळत फरशीवर पडले. मग तिने काउंटरवरची एक छोटी पिशवी उघडून आतला पातळ रेनकोट दाखवला. “हाही आहे. घडी केली की मुठीत मावतो. आठवड्याची सहल असेल तर उगाच जाड कशाला? पण वाऱ्यात फाटतो. तुम्हाला किती दिवसांसाठी हवाय?”

“आठवडाच,” मिस्टर म्हणाले. “फार तर दोन. तो पातळच बांधा.”

हॅलोबाई आरशात बघत होत्या. टोपीत चेहरा लहान दिसत होता.

“रोज घालायचाय,” त्या म्हणाल्या. “वर्षभर टिकेल असा द्या.”

मुलीने एकदा त्यांच्याकडे, एकदा मिस्टरांकडे बघितलं आणि पातळ रेनकोट पिशवीत परत घातला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“वर्षभर,” मिस्टर म्हणाले.

“आणि बूट. घोट्याच्या वर येणारे. जाड मोज्यांवर बसतील असे.”

“हे कधी ठरलं?”

“आत्ता तुम्ही बेडूक म्हणालात त्याच्या बरंच आधी,” हॅलोबाई म्हणाल्या. आवाज तोच, जोडून देते म्हणतानाचा.

मिस्टर उठले. मुलीला म्हणाले, “हिच्या बहिणीने डोक्यात भरवलंय हे. ती बाई पहिल्यापासून माझ्या वाईटावर आहे.”

“काका, मला बूट काढायचेत. तुम्ही खोक्यांसमोर उभे आहात.”

बूट बघेपर्यंत ते थांबले नाहीत. हॅलोबाईंनी तीन जोड घालून पाहिले, दुकानात फेऱ्या मारल्या, ओल्या फरशीवर पाय घासून पाहिला. त्यांना कोणी घाई करत नव्हतं. असं उभं राहून स्वतःसाठी काही निवडल्याला किती काळ लोटला होता, ते त्यांना आठवेना.

जायच्या दिवशी सकाळी पिशवी भरून त्या दाराशी आल्या, तर खुंटीवर रेनकोट नव्हता. मिस्टरही घरात नव्हते. बाहेर पाऊस लागला होता. त्या पिशवीशेजारी खुर्ची ओढून बसल्या. पातळ चादर डोक्यावर घेऊन का होईना, जायचं, असं त्यांनी ठरवलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

मिस्टर आत आले. अंगात हिरवा रेनकोट, हातात पाव. कोटाचं पाणी उंबऱ्यावर निथळत होतं.

“गळतो,” ते म्हणाले. “खांद्यावर गळतो. फसवलं तुला त्या पोरीने.”

त्यांनी कोट काढून दिला. हॅलोबाईंनी तो उलटा केला, खांद्याच्या शिवणीवरून आतून तळहात फिरवला आणि तो मिस्टरांपुढे धरला. तळहात कोरडा होता. मिस्टरांची फक्त मान आणि केस भिजले होते.

“टोपी ओढली नव्हती तुम्ही.”

“तिथे फोन लागत नाही म्हणे.”

“शेजाऱ्यांकडे लागतो.”

“मी करणार नाही.”

“बरं,” हॅलोबाई म्हणाल्या. “पाव झाकून ठेवा. मऊ पडेल.”

त्यांनी कोट सुलटा करून अंगात घातला. बाहेरून तो गार आणि ओला होता. आतून, पाठीवर आणि बाह्यांत, मिस्टरांच्या अंगाची ऊब अजून होती. चेन लावताना हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ती गळ्यापर्यंत ओढली, पिशवी उचलली आणि जिना न थांबता उतरल्या.

थांब्यावर बस यायला वेळ होता. त्या कोपरं अंगाशी धरून उभ्या होत्या. बस वळणावर दिसली तोवर कोट आतूनही साध्या कोटासारखा झाला होता.