छावणी केव्हा जळाली

"दिवसाउजेडी कुणाला गोष्ट सांगायला लावू नका गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी माझ्या लेकीला, ओयेलाला, पाठीशी बांधत होते, प्रशिक्षणाला निघायची घाई होती, आणि तीळ कुटता कुटता त्यांचं चाललं होतं. "शेकोटीपाशी बरं असतं. सगळे जाळाकडे बघतात. ज्याला नको असेल तो लाकडं आणतो म्हणून उठतो, परत येतच नाही. कुणी विचारत नाही. तुमच्या शाळेत सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार."

"आई, आम्ही काय गप्पा मारायला चाललोय? इतिहास शिकवायच्या नव्या पद्धती शिकवायला कंपालाहून मॅडम आल्यात."

"तेच म्हणते मी."

मी हसले आणि निघाले. ओयेलाला दात येत होते, अंग किंचित कोमट होतं, माझं सगळं लक्ष तिकडे.

आमची शाळा गुलू शहराच्या उत्तरेला, सरहद्दीपलीकडच्या जुबाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. आसपासच्या शाळांतले इतिहास शिकवणारे सगळे शिक्षक त्या आठवड्यात आमच्या सातवीच्या वर्गात जमले होते. अचिरो माझ्याच शाळेतली. तिचा तिसरीचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की ती फळ्यावर काय लिहितेय ते मला खडूच्या आवाजावरून कळायचं. माझा तास असला की ओयेला तिच्याकडे असायची. सगळ्या शाळेत मी बाळ बिनधास्त दिलं असेल ते तिच्याकडेच.

तिच्या सासरी तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं: आईबाप लहानपणी गेले, लढाईत गाव सोडावं लागलेल्यांच्या, टेकडीखालच्या छावणीत मावशीकडे वाढली, उशिरा शिकली. मला थोडं जास्त ठाऊक होतं, कारण मी बघत असते. वरून हेलिकॉप्टर गेलं की पोरं मैदानात धावायची, आणि अचिरो भिंतीला चिकटायची. ओल्या लाकडांची चूल ती जराही धूर न करता पेटवायची. बंडखोरांनी रानात नेलेल्या पोरींपैकी कितीतरी परत आल्या, आमच्यासारख्याच झाल्या. आमच्याकडे माझ्या वयाच्या माणसाला, तू लढाईच्या वर्षांत कुठे होतास, असं विचारत नाहीत. जो आला तो आला.

एकदाच ती म्हणाली होती, "माझ्या सासूला कळलं ना, तर लाकिचाला ठेवून घेतील आणि मला हाकलतील." लाकिचा तिची मुलगी, चार वर्षांची.

"काय कळलं तर?"

"काही नाही. तू बाळाची मान धर नीट."

रानातून आलेल्यांच्या मागे मेलेल्यांची बाधा येते, ती घरात शिरली की आधी लहान पोरांना धरते, असं इथे मानतात. मी मानत नाही. कॉलेजात शिकले आहे.

नालुबेगा मॅडम गोड बाई होत्या, हे आधी सांगते. आवाज कधी चढला नाही त्यांचा. पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं पाठ. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीपासून फळ्यापर्यंत एक लांब दोरी बांधली. दोरी म्हणजे काळ. आपापल्या आयुष्यातली घटना ज्या वर्षी घडली तिथे चिंधी बांधायची, आणि मग साक्षीदार शोधायचा.

"पुस्तकातला इतिहास मुलांना उसना वाटतो," त्या म्हणाल्या. "आठवण म्हणजे पुरावा नाही. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून बघायची. आधी तुम्ही करा, मग मुलांकडून करून घ्या."

"मॅडम, माझ्या लग्नाला साक्षीदार मिळाले नाहीत, इतिहासाला कुठून आणू?" किदेगा म्हणाला. तो शेजारच्या गावचा शिक्षक, सगळ्यांना हसवणारा. चौतिशीचा, पण पोरासारखा.

"तुझ्या बायकोला विचारायला हवं, लग्न झालं होतं का ते," लालामबाई म्हणाल्या. त्या आमच्यात वयानं मोठ्या, चर्चमध्ये गाणाऱ्या. सगळा वर्ग हसला. दोरीवर लाल, पिवळ्या, छापील चिंध्या भराभर लागल्या. माझे दोन्ही हात गाठी मारण्यात गुंतलेले, म्हणून ओयेला अचिरोच्या मांडीवर.

अचिरोच्या दोनच चिंध्या होत्या. एक मावशीकडे गेली तेव्हाची, एक शाळेत नाव घातलं तेव्हाची. मधली दोरी उघडी.

"इथे काय होतं?" मॅडमनी विचारलं, अगदी हळू.

"छावणी. टेकडीखालची."

"अगं, मग मी होतो की तिथे!" किदेगा ओरडला. "कुठल्या बाजूला तू?"

"नळाकडे."

"आम्ही वरच्या अंगाला. म्हणून कधी दिसली नाहीस. आणि लालामबाईपण तिथल्याच!"

मॅडमचा चेहरा उजळला. एकाच ठिकाणचे तीन साक्षीदार. त्यांनी तिघांना दोरीपाशी उभं केलं, अचिरोला बाळासकट, आणि सगळ्यांना आठवेल अशी एक घटना निवडायला सांगितली.

"आग!" किदेगा आणि लालामबाई एकदम म्हणाले.

आणि मग दोघं एकमेकांच्या तोंडातला शब्द काढून घेत सांगायला लागले. आमच्याकडे अशा गोष्टी लग्नातल्या फजितीसारख्या सांगतात, नाहीतर सांगताच येत नाहीत.

"माझ्या बापानं काय वाचवलं असेल? सायकल!"

"आणि आईला?"

"आई म्हणाली, मला वाचवायला सायकलच यावी लागली असती."

वर्ग खो खो हसत होता. मॅडमनी डोळे पुसले आणि अचिरोकडे वळल्या. "तुम्हाला काय आठवतं?"

अचिरोनं ओयेलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "रात्र होती," ती म्हणाली. "सगळे झोपले होते. गवताची छपरं एकावरून दुसऱ्यावर पेटत गेली."

"रात्र?" किदेगा हसत सुटला. "झोपेत होतीस काय खरंच! भरदुपारी जळाली छावणी. आम्ही मक्याच्या रांगेत उभे होतो, पाय भाजत होते उन्हानं."

तो हसत होता तोवर मला कळलं. त्याला कळलं नव्हतं. मॅडमना तर कळणारच नव्हतं.

"बघा!" त्या म्हणाल्या. "दोन साक्षी जुळत नाहीत. याहून चांगलं उदाहरण मला शोधून सापडलं नसतं. आता इतिहासकार काय करेल? प्रश्न विचारेल. विचारा."

बाहेर दुसरीतली पोरं पाढे म्हणत होती.

"दोन आगी लागल्या होत्या," मी म्हणाले. मी त्या वर्षांत गुलूत नन्सच्या वसतिगृहात होते, ती छावणी मी लांबूनसुद्धा बघितलेली नाही. "दुसरी लहान होती. रात्रीची."

"छान! दुसरी आग कुणाला आठवते?"

किदेगाचं हसू एव्हाना विरलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, अचिरोकडे बघितलं, आणि हात वर केला. "होती मॅडम. वाटतं, होती."

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"वय झालं मॅडम. विसरतो."

त्यानं हात वर केलेला बघून आणखी एक-दोन हात वर आले. मला वाटलं, सुटलो.

"नव्हती," लालामबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. आवाज अगदी साधा होता. "माझा धाकटा भाऊ त्या आगीत गेला. मका घ्यायची गोणी झोपडीत राहिली होती, ती आणायला धावत आत गेला. आग एकच होती. दुपारची. तिला दुसरी जोडू नका." मग त्या अचिरोकडे वळल्या. त्यांनाही ते बोलता बोलताच उमगत गेलं असावं, कारण शेवटचे शब्द कसेबसे आले. "रात्री जळताना तू कुठली छावणी बघितलीस गं?"

रात्री रानातून येऊन छावण्या कोण जाळायचं हे त्या खोलीत मॅडम सोडून प्रत्येकाला ठाऊक होतं. ती आग झोपलेल्यांना दिसत नाही. ती बघायला बाहेर, गवतात, जाळणाऱ्यांच्या बाजूला उभं असावं लागतं. तेव्हा अचिरो किती वर्षांची असेल? दोरीवर मोजता आलं असतं. तेरा, नाहीतर चौदा.

ती माझ्यापाशी आली. मी हात पुढे केले नव्हते, शपथेवर सांगते. तिनं स्वतःच ओयेलाला माझ्याकडे दिलं, झबलं सारखं केलं आणि म्हणाली, "घे तुझं बाळ."

मॅडम फळ्यावर लिहीत होत्या: जिथे साक्षी जुळत नाहीत, तिथे इतिहास सुरू होतो.

जेवायला पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि घेवडा होता. अचिरो आंब्याखाली एकटी बसली. किदेगा तिचं ताट घेऊन गेला. "माझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुझं काय चुकलं? दुपारच होती ना."

गावात ही गोष्ट कुणी नेली मला माहीत नाही. लालामबाईंनी नसावं. त्या दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षणाला आल्याच नाहीत. दोन दिवसांत अचिरोच्या सासरी वडीलधारे जमले. त्यांनी वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. रीतीप्रमाणे दारात कच्चं अंडं ठेवलं, तिला त्यावर पाय देऊन आत यायला लावलं. रानातून आलेल्याला असंच आत घेतात. आठ वर्षं त्या घरात नांदलेली बाई अंडं फोडून आत आली. सासूनं पाणी दिलं. मला वाटलं, सुटलो. हे माझं दुसऱ्यांदा वाटणं.

महिना गेला नाही तोच तिच्या दिराचं तान्हं तापानं गेलं. मलेरिया होता. दवाखान्यात मी गेले होते, नर्सनं मला स्वतः सांगितलं. तेच मी अचिरोच्या सासूला सांगायला गेले.

"डास सगळ्यांनाच चावतात, बाई," ती म्हणाली. "मेलं आमचं."

अचिरोचा नवरा ओजारा सुतार आहे. मी गेले तेव्हा तो पलंगाचा पाय तासत होता. मान वर न करता म्हणाला, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग आईंना सांगा ना! तुम्हाला ठाऊक असून काही झालं नाही इतकी वर्षं."

"म्हणजे बाधा मीच जाणूनबुजून घरात आणली, असं सांगू? तेही आत्ता, तान्हं गेल्यावर?"

तो पुन्हा पाय तासायला लागला.

तिसरीची पोरं एकेक करून येईनाशी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. एका सोमवारी अचिरो बाकांपुढे एकटी उभी होती, आणि भिंतीपलीकडून मला खडूचा आवाज आला. ती तारीख लिहीत होती. हेडमास्तर म्हणाले, "बाई, मी वर्ग देऊ शकतो, पोरं कुठून देऊ?"

अचिरो गाव सोडून निघाली तेव्हा लाकिचा दिराच्या घरी होती. ओजाराच्या घरच्यांनी गाईगुरं देऊन लग्न केलेलं, मूल त्यांचं. यात वाद घालायला जागा नाही. ट्रकची वाट बघताना अचिरो माझ्या दाराशी थांबली, आत आली नाही. म्हणाली, "ओयेलाच्या आई, लाकिचाचा डावा कान दुखतो. गार वाऱ्यात डोक्याला बांधायला सांग." मी सांगायला गेले. मला अंगणातूनच परत पाठवलं.

या वर्षी नालुबेगा मॅडम पुन्हा आल्या. अचिरो कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. बदली झाली, असं हेडमास्तर म्हणाले. मॅडम म्हणाल्या, गुणी शिक्षिका होती, त्या दिवशीचं तिचं उदाहरण त्या आता प्रत्येक जिल्ह्यात सांगतात. ओयेलाला ताप होता. तिच्या कपाळावर हात ठेवला की माझ्या मनात डास येतो, आणि डासाच्या मागोमाग आणखी काहीतरी येतं. ते मी इथे लिहीत नाही.

एलेगूच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर, जिथे जुबाला जाणारे ट्रक दिवसदिवस अडकून असतात, तिथे वजनकाट्यामागे ती चालकांना जेवण करून घालते, असं किदेगा सांगत होता. त्याला दिसली होती, बारीक झाली होती. पावसाळ्यापर्यंत तिचा फोन लागायचा, आता लागत नाही. मला अंगावर पिणारं मूल घेऊन तिकडे जाता येत नाही, आणि घरातून सोडणारही नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं जाणार असेल तर वजनकाट्यामागे जरा डोकावा. उंच आहे, डाव्या भुवईत खूण आहे. तिच्याकडचं काहीतरी खा. तिला काही विचारू नका. फक्त ती आहे ना, एवढं बघून या.