उघडू नका

"कात्री द्या," संघमित्रा म्हणाली.

गल्लीत कुणी हललं नाही. किरण घरासमोरच्या बाकड्यावर आडवा होता, पण किरण दिसत नव्हता. दिसत होतं ते जाड, दुधी प्लास्टिक. डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेलं. गळ्याशी, कमरेशी आणि घोट्यांशी खाकी चिकटपट्टीनं आवळलेलं. गोवंडीच्या त्या गल्लीत शववाहिनी शिरत नाही, म्हणून चौघांनी त्याला नाक्यावरून उचलून आणला होता. प्रत्येक पावलाला प्लास्टिक करकरत होतं. खाली ठेवल्या ठेवल्या चौघांनी हात पँटला पुसले.

"अगं, कुणीतरी कात्री द्या."

"भाजीची चालंल का?" आतून एका बाईनं विचारलं.

"चालेल."

"सोड माझ्या लेकराला त्यातनं," उंबऱ्यात बसलेली सुंदराबाई म्हणाली. ती किरणची आणि संघमित्राची आई. रडून तिचा आवाज बसला होता. "असं पार्सल करून धाडत्यात का माणसाला? मी जन्माला घातला तवा पहिलं पाणी मी घातलं. शेवटचं कोण घालणार? मला तोंड बघू दे त्याचं."

विकी पुढं आला. जयंतीच्या मिरवणुकीपासून मयतापर्यंत गल्लीतलं सगळं तोच बघायचा. बांबू, सुतळी, पांढरं कापड, सगळं त्यानं सकाळीच आणून ठेवलं होतं.

"ताई, एक मिनिट. तुम्ही टीबी म्हणालात ना? टीबीला असं पॅक नाय करत. माझा मामा टीबीनं गेला. चादरीत दिला होता."

"एकेका हॉस्पिटलचा नियम असतो."

"नियम असंल तर तोडायचा कशाला मग? डायरेक्ट नेऊ या ना. तिथं वंदना घेऊ, झालं."

मागं उभे असलेले एकमेकांकडं बघू लागले. गल्लीला रोगांची नावं कळत नाहीत. पॅकिंग कळतं.

संघमित्रानं कात्रीसाठी हात पुढंच ठेवला. सकाळी त्या हॉस्पिटलातही ती नियमावर काही बोलली नव्हती. वॉर्डबॉय किरणला गुंडाळत होता आणि तिथली सिस्टर मोबाईलवर बोट फिरवत म्हणाली होती, "घरी गेल्यावर उघडू नका हां. नियम आहे." तो सूर संघमित्राच्या ओळखीचा होता. ती स्वतः दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती, पण किरणला तिनं मुद्दाम आपल्याकडं नेलं नव्हतं. आपल्या वॉर्डात आपला भाऊ, आणि त्याच्या पेपरवर एचआयव्हीचा शिक्का, हे तिला नको होतं. एरवी ती नर्सिंगच्या पोरींना एचआयव्ही शिकवायची. फळ्यावर आजाराचे चार टप्पे लिहायची. खाली तो कशातून पसरतो ते. रक्त, वीर्य, योनिस्राव, अंगावरचं दूध, एवढ्यातूनच. घामातून नाही, थुंकीतून नाही, अंघोळीच्या पाण्यातून नाही. पोरी लिहून घ्यायच्या. परीक्षेत सगळ्या पास व्हायच्या.

कात्री आली. तेवढ्यात दिशानं, किरणच्या बायकोनं, तिचा दंड धरला आणि तिला पडद्यामागं ओढलं. आत ओट्यावर घासलेले डबे उपडे घातले होते. गॅरेजवाल्यांचे, शाळेच्या शिपायांचे. आज दिशाचे डबे गेले नव्हते.

"ताई, नका उघडू."

"आई काय म्हणते ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुम्ही हातमोजे घालणार. मग हे लोक विचारणार, कशाला घातले. त्याचं अंग बघणार. हाडं राहिलीत नुसती. परवापासून माझ्या हातची पोळी कोण खाणार?"

"दिशा, तू एक गोळी चुकवलेली नाहीस. तुझ्या रक्ताच्या टेस्टमध्ये व्हायरस सापडतसुद्धा नाही आता. पोरीची टेस्ट निगेटिव्ह आहे. आणि पोळीतून तर…"

"मला म्हायतीय. तुम्हालापण म्हायतीय. गॅरेजवाल्याला म्हायतीय का?"

बाहेर सुंदराबाईचा आवाज पुन्हा चढला होता. दिशानं थोडा वेळ उपड्या डब्यांकडं बघितलं. मग फळीवरून नवा साबण काढला, त्याचा कागद फाडला आणि साबण संघमित्राच्या हातात ठेवला.

"पण कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली.

किरणनं बरीच वर्षं गोळ्या घेतल्या होत्या. अंगावर मांस चढलं, टेम्पो चालवायला लागला, आणि एक दिवस म्हणाला, आता बरा झालोय की मी, किती दिवस खायच्या? नंतर तोंडात पांढरा थर आला. मग टीबी. मग एका दुपारी डोकं दोन्ही हातांनी दाबून तो दारात बसलेला संघमित्राला दिसला, मान पुढं वाकेना, उजेड सोसेना, आणि तिथंच तिला कळलं की बुरशी मेंदूच्या पडद्यापर्यंत पोचलीय. चौथा टप्पा. तिनं फळ्यावर लिहिलेला. टीबी झालाय असं गल्लीत सांगितलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

ती बाहेर आली, पर्समधून हातमोजे काढले, चढवले.

"ऐका सगळे," ती म्हणाली. आवाज वर्गातला निघाला. "कुणाचीही बॉडी असो, अंघोळ घालताना हातमोजे घालायचे. तुमची असो नाहीतर माझी. आजार कुठलाही असो. सुईची जागा, जखम असेल ती झाकायची, नंतर हात साबणानं धुवायचे, खाली ब्लीचिंग पावडर टाकायची. बास. अंघोळ घातल्यानं कुणाला काही होत नाही."

तिनं गळ्यापासून कात्री घातली. भाजीची कात्री बोथट होती, प्लास्टिक कापण्यापेक्षा दुमडत होतं. ती दोन्ही हातांनी जोर लावत राहिली. शेवटी एका दमात फाटत गेलं आणि आतून औषधांचा, कोंडलेला वास आला. विकी दोन पावलं मागं सरकला. बांबू बांधणारे बांबू बांधत राहिले. मारून झालेल्या गाठी पुन्हा सोडून मारत राहिले.

किरणचा चेहरा उघडा पडला. सुंदराबाई उठली, त्याच्यापर्यंत आली, दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले आणि तिथंच खाली बसली. उठेना. तिला बायांनी धरून भिंतीशी टेकवली.

"कोण येतंय?" संघमित्रानं विचारलं.

मयताला अंघोळ घालायला एरवी गल्लीत धक्काबुक्की होते. मी पाय धरतो, तू डोकं धर. आज प्रत्येकाला काही ना काही काम निघालं होतं.

तेव्हा शांताबाई पाण्याची बादली घेऊन आली.

शांताबाईचं घर समोर. गल्लीत कुणीही गेलं की अंघोळीचं पाणी तिच्या चुलीवर तापायचं. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. तिच्याकडं मोठं पातेलं होतं आणि दारात चूल मांडायला जागा होती, एवढंच. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा स्वतःचा मुलगा गेला, दादू, तेव्हाही तिनं पाणी तापवलं होतं. पण दादू प्लास्टिकमध्ये आला आणि प्लास्टिकमध्येच गेला. ते पाणी तिनं संध्याकाळी गटारात ओतलं.

तिनं बादली खाली ठेवली. कापलेल्या प्लास्टिककडं बघितलं. वाकून त्याची कड दोन बोटांत धरली, कापड विकत घेताना पोत बघावा तशी.

"उघडता येतं व्हय, मित्रा?"

हळू विचारलं होतं. भांडणाचा सूर नव्हता. संघमित्रानं कात्री बाकड्यावर ठेवली.

दादू तिच्याच वॉर्डात होता. आपली मित्रा आहे तिथं, म्हणून शांताबाईनं त्याला तिथं नेला होता. बिल्डिंगच्या कामावरून त्याला तसाच उचलून आणला होता, शुद्ध हरपलेला. दोन दिवसांत गेला. ड्यूटीवर संघमित्रा होती. सकाळपासून तीन जण गेले होते, वॉर्डबॉय घाईत होता, आणि वॉर्डात एचआयव्हीचा माणूस गेला की प्लास्टिक, हे चालत आलेलं होतं. कुणी सुरू केलं ते कुणालाच माहीत नव्हतं. नियमाच्या पुस्तकात नव्हतं, हे मात्र तिला माहीत होतं. शांताबाई तिच्या पाया पडायला वाकली होती. तोंडापुरतं तरी सोड म्हणत होती. संघमित्रानं तिला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाली होती, "काकू, उघडू नका. गल्लीत पोरंबाळं आहेत."

पोरंबाळं आहेत. हे तिनं वर कुणी न सांगता, स्वतःच्या मनानं जोडलं होतं. वाद लवकर मिटावा म्हणून.

"काकू…" ती म्हणाली.

शांताबाई तिच्याकडं बघत नव्हती. किरणकडं बघत होती. त्याच्या हाडांकडं, ओठांच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्याकडं. दादूचंही असंच झालं होतं. दादूला काय होतं हे गल्लीत तिला एकटीला माहीत होतं, आणि संघमित्राला. आता तिला किरणचंही कळलं, हे संघमित्राला दिसलं. पडद्याआड दिशाची सावली उभी होती. शांताबाईनं तोंड उघडायचा अवकाश, आणि ते डबे कायमचे उपडे राहिले असते. तिला तो हक्क होता, असं त्या क्षणी संघमित्राला वाटून गेलं.

"काय झालं, काकी?" विकी लांबून ओरडला. "काय बोलते ताई? टीबीला लावतात का असलं प्लास्टिक?"

शांताबाई सरळ उभी राहिली. पदर कमरेला खोचला.

"लावत्यात," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या दादूला न्हवतं का लावलं? टीबीच होता त्याला. तूच खांदा दिलावतास की रं. इसरलास?"

"नाय, इसरलो नाय…"

"मग? काय झालं तुला? मेलास का? लांबनं काय बघतोस, सिनेमा हाय का? ये इकडं. डोकं धर त्याचं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. विकीनं इकडंतिकडं बघितलं, पँट वर ओढली आणि आला. संघमित्रानं त्याला हातमोजे दिले. तो आला तसे बांबूवाल्यांतले दोघेही आले. पडदा हलला, दिशाची सावली खाली बसली.

शांताबाईनं हात पुढं केले. संघमित्रा तिला हातमोजे घालायला लागली. चुलीनं आणि भांड्यांनी तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, रबर सरकत नव्हतं. एकेक बोट करून घालावं लागलं. दोघींची डोकी जवळ आली होती.

"पोरंबाळं हायेत म्हनालीस," शांताबाई पुटपुटली. एवढंच.

मग ती किरणच्या पायांशी बसली. संघमित्रानं सुईच्या जागेवर पट्टी लावली, पाठीवरची जखम झाकली आणि तांब्या घेतला. विकीनं डोकं असं धरलं होतं जसं काही ते झोपेतून जागं होईल. पाणी खांद्यावरून, छातीवरून, बरगड्यांच्या खाचांतून उतरलं. शांताबाईनं साबण हातात घेतला आणि पाय धुवायला लागली. आधी तळवे. मग टाचा. मग एकेक बोट वेगळं करून त्यांच्यामधली जागा. नखांच्या कडा. घोट्याचं हाड अंगठ्यानं गोल चोळून. किरण महिनाभर पलंगावर होता, त्याचे पाय पांढरे, मऊ पडले होते. त्यांच्यावर धुण्यासारखं काही नव्हतं.

"याचे पाय साफच हायेत गं," ती म्हणाली.

संघमित्रा पाणी घालत होती.

"दादूच्या पायाला सिमेंट होतं."

संघमित्राचा हात थांबला. शांताबाईचा नाही थांबला. ती पुन्हा टाचेकडं आली, तिथं काहीतरी वाळून चिकटलं असावं तसं नख न लावता, दमानं, साबणाचा फेस घासत राहिली. फेस झाला, पाण्यानं गेला, तिनं पुन्हा साबण लावला.

बांबू तयार होते. पांढरं कापड घडी मोडून ठेवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमायला लागली होती. विकीचे हात अवघडले असावेत.

"काकी, झाले की पाय," तो म्हणाला. "चला ना. उशीर होतोय, आत्ता उचलायला पायजे."

"थांब," संघमित्रा म्हणाली.

तिनं बादलीतून तांब्या भरून घेतला. शांताबाईचा हात जिथं फिरत होता तिथं, टाचेवर, ती बारीक धार सोडत राहिली.

"अजून निघालं नाही ते."