अदनानचं रानकबूतर

जेद्द्यात बलदच्या बाजारात मोहियुद्दीनचं पिंजऱ्यांचं आणि पाखरांच्या दाण्यांचं दुकान आहे. समोर माझं टोप्यांचं. मधली गल्ली इतकी अरुंद, की त्याच्या घरची भानगड मला गादीवरून न हलता कळते. त्याचा मेहुणा अदनान एका हॉटेलची गाडी चालवतो आणि थापा मारतो. थापांची नोंद मी ठेवलेली आहे. हिरवी रंगवलेली चिमणी त्याने पोपटाचं पिल्लू म्हणून खपवली, ती सातवी.

मंगळवारी तो पिंजरा घेऊन आला. "दुल्हेभाई, दोन दिवस ठेवा. श्रीलंकेच्या डोंगरातलं रानकबूतर आहे. त्या बेटाबाहेर दुनियेत कुठे नाही."

मोहियुद्दीनने बिनघोर ठेवून घेतलं. खरं वाटलं असतं तर हातही लावला नसता. असलं पाखरू दुकानात सापडलं तर दुकानाचा परवाना जाईल, इथे राहायचा इकामा जाईल आणि आपण रत्नागिरीला जाऊ, हे त्याला पाठ होतं. पण अदनानने आणलंय म्हणजे रंगवलेलंच असणार.

गुरुवारी त्याची बायको फरहाना डबा घेऊन आली. "अहो, हे दाण्यांना का शिवत नाही?"

"रंग पोटात गेला असेल."

"रंग? माझ्या भावाने रंगवलं असतं तर एव्हाना अर्ध्या पिंजऱ्याला लागला असता. त्याचं कुठलं काम धड असतं?"

मोहियुद्दीनने कापूस ओला केला. कबुतराच्या मानेमागे बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी होती. त्याने ती एकदा पुसली, दोनदा पुसली, तिसऱ्यांदा साबण लावून पुसली. कापूस पांढराच राहिला.

फरहानाने डब्यातलं द्राक्ष पुढे धरलं. कबुतराने ते अख्खं गिळलं आणि दुसऱ्याची वाट पाहिली.

"उस्मानभाई," मोहियुद्दीन मला म्हणाला, "गावठीच आहे ना हो?"

"गावठी दाण्यावर तुटून पडतं. हे फळ मागतंय."

त्याने अदनानला फोन लावला. बंद. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही कुणाला बोललात?"

"दोघांनाच. तेही थाप म्हणून."

"दोघांना म्हणजे साऱ्या बलदला!"

"गच्चीवरून सोडून द्या," मी म्हटलं.

"या उन्हात?" फरहाना म्हणाली. "झाड तरी आहे का आसपास? मरेल ते. आणि आज ना उद्या अदनान गिऱ्हाईक घेऊन इथेच येईल. सरकारी माणसांनी येऊन पकडण्याआधी तुम्हीच कळवा."

"तुझा भाऊ अडकेल."

"अडकू दे."

मोहियुद्दीनने वन्यजीव खात्याला स्पीकरवर फोन लावला आणि मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. पलीकडचा साहेब कंटाळलेला होता.

"रोज कुणी ना कुणी दुर्मिळ पाखरू सापडलं म्हणतो. ओल्या कापसाने पुसून बघ."

"पुसलं, साहेब. तीनदा. साबणाने."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुकानाचं नाव सांग. आणि इकाम्याचा नंबर."

मोहियुद्दीनने फरहानाकडे पाहिलं. मग न अडखळता दहाही आकडे सांगितले आणि दुकानाच्या नावासाठी मात्र बाहेर येऊन पाटी वाचली.