पुसलेल्या चार ओळी

“जहाज बुडतंय. सगळे रडताहेत, देवांना नवस बोलताहेत. आणि शहाणा माणूस काय करतो?” थिओक्लीस गुरुजींनी विचारलं.

ओसरीच्या पायऱ्यांवर बसलेले पंधरा-वीस शिष्य माना खाली घालून राहिले. गुरुजींच्या पायाशी बसलेल्या डोरिओनचा हात मेणाच्या पाटीवर थांबला. सकाळपासून हे जहाज तिसऱ्यांदा बुडत होतं.

“सांगा ना! दातखीळ बसली का सगळ्यांची?”

“शहाणा माणूस सुकाणू धरून बसतो, गुरुजी,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“शाबास!” गुरुजींचा चेहरा उजळला. “ऐकलंस, डोरिओन? लिहून घे.”

डोरिओनने पुन्हा लिहून घेतलं. बाजाराकडून दोन बागवाले येत होते. अथेन्सात बागेत शिकणारे बागवाले आणि ओसरीवर शिकणारे ओसरीवाले, या तत्त्वज्ञांच्या दोन पंथांचं पिढ्यान्‌पिढ्या जमत नव्हतं. सुखासमाधानाने, चार मित्रांत जगावं असं बागवाल्यांचं म्हणणं, तर सुख असो की दुःख, माणसाने विवेक सोडू नये असं ओसरीवाल्यांचं. येणाऱ्या दोघांतला एक जण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “काय रे, ओसरीवाल्यांच्या म्हाताऱ्याचं जहाज अजून किनाऱ्याला लागलं नाही वाटतं!”

गुरुजींनी आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि हसून हात हलवला. ओळखीचं कुणी असावं, असं त्यांना वाटलं.

डोरिओन एकोणीस वर्षांचा असताना गुरुजींनी त्याला डेलोसच्या गुलामांच्या बाजारात विकत घेतलं होतं. अक्षर चांगलं म्हणून. दहा वर्षांनी त्यांनी त्याला मोकळं केलं. “आता कुठंही जा,” म्हणाले. तो कुठंच गेला नाही. लग्न केलं, दोन गल्ल्या सोडून घर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोरू घेऊन हजर झाला. त्यालाही आता एकतीस वर्षं झाली होती. गुरुजी बोलायचे, तो लिहायचा. ऱ्होड्सपासून तार्ससपर्यंत लोक ज्याला थिओक्लीसचं अक्षर म्हणून ओळखत, ते डोरिओनचं अक्षर होतं.

गुरुजींचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक एकाच प्रश्नावर होतं. एकदा मिळालेलं शहाणपण हातून जाऊ शकतं का? ओसरीतल्याच आधीच्या एका थोर आचार्यांचं मत होतं की जाऊ शकतं, आजाराने, भ्रमाने. गुरुजींनी ते मत पार खोडून काढलं होतं. शरीर सडेल, घर जळेल, पण खरं शहाणपण एकदा आलं की जात नाही. या पुस्तकाच्या सहा नकला डोरिओनने स्वतःच्या हाताने केल्या होत्या. आता ऱ्होड्सच्या शाळेसाठी सातवी चालू होती.

ती ज्या दिवशी पुरी झाली, त्या सकाळी तो गुरुजींच्या घरी गेला, तेव्हा गुरुजी अंगणात बाकावर बसले होते. एका पायात वहाण होती. दुसरी हातात धरून ते तिच्याकडे बघत होते.

“घालू का मी?” डोरिओनने विचारलं.

“थांब.” गुरुजींचा आवाज जुना होता. वादात समोरच्याला अडवताना लागायचा तसा. “डोरिओन, ही कुठल्या पायातली, ते मला कळत नाहीये. मघापासून बघतोय. हे कधीपासून चाललंय रे?”

डोरिओन वाकून त्यांच्या पायातल्या वहाणेचा बंद चाचपू लागला.

“खरं सांग. तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस.”

“द्राक्षांच्या हंगामापासून, गुरुजी.”

“म्हणजे वर्ष होत आलं.” त्यांनी हातातली वहाण बाकावर ठेवली. “बोरू आण.”

डोरिओन सातव्या नकलेची गुंडाळी गुडघ्यावर पसरून बसला. गुरुजींनी एकेक शब्द तोलून सांगितला.

“मी थिओक्लीस, हे पुस्तक लिहिणारा, चुकलो होतो. शहाणपण हातून जातं. ते जाताना मी पाहतो आहे. ज्यांचं मत मी खोडलं, त्यांची मी क्षमा मागतो.”

चारच ओळी. शेवटच्या ओळीवर डोरिओनचा बोरू अडखळला आणि शाईचा ठिपका पडला.

“रडतोस काय वेड्यासारखा? वाच.”

त्याने वाचलं.

“हे पुस्तकाच्या शेवटी राहू दे. मी उद्या नाही म्हटलं, तरी राहू दे. समजलं?”

“समजलं, गुरुजी.”

“आता वहाण घाल.”

दुपारी फेडिमोस आला. गुरुजींचा सगळ्यात जुना शिष्य, पुढे ओसरी सांभाळणार होता तो. वडिलांच्या मागे गुरुजींनीच त्याला वाढवलेलं. ऱ्होड्सचं जहाज दुसऱ्या दिवशी पिरेयस बंदरातून सुटणार होतं, म्हणून तो गुंडाळी न्यायला आला होता. उभ्याउभ्याच त्याने शेवट पाहिला आणि खाली बसला.

“हे काय आहे?”

“गुरुजींनी सकाळी सांगितलं.”

“गुरुजींनी नाही, त्यांच्या आजाराने सांगितलं! तुला कळत कसं नाही, डोरिओन? उद्या बागवाले दारात येऊन नाचतील. म्हणतील, बघा, शेवटी म्हाताऱ्याने हात टेकले.”

“त्यांनी मला बजावलंय. मी नाही म्हटलं तरी राहू दे म्हणाले.”

“मग त्यांनाच विचारू.”

“नको,” डोरिओन पटकन म्हणाला. “आत्ता नको. दुपारी त्यांचं...” पण फेडिमोस आत गेला होता.

गुरुजी झोपेतून नुकतेच उठले होते. फेडिमोसने गुंडाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांची मान थरथरायला लागली.

“कुणी लिहिलं हे?”

“गुरुजी, तुम्हीच सकाळी सांगितलंत,” डोरिओन म्हणाला.

“मी? मी असं सांगीन? आयुष्यभर मी काय शिकवलं मग?” ते उठायला गेले, तोल गेला, फेडिमोसने सावरलं. “माझ्या घरात बसून माझ्या नावावर खोटं लिहितोस? कुणी फितवलं तुला? बागवाल्यांनी?”

“गुरुजी, तुम्ही वहाण हातात घेऊन...”

“पूस ते! माझ्यासमोर पूस!” आणि लहान मुलासारखे ते रडायला लागले. डोरिओनने त्यांना पत्नीच्या चितेपाशीही रडताना पाहिलं नव्हतं.

फेडिमोसच्या डोळ्यांतही पाणी होतं. तो हळूच म्हणाला, “किती त्रास देणार आहेस त्यांना? ते स्वतः सांगताहेत ना?”

डोरिओनने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. मग त्याने स्पंज पाण्यात भिजवून पिळला. काजळीची शाई ती, भराभर निघाली. ठिपका तेवढा जाईना, म्हणून तिथे जरा जास्त घासावं लागलं.

घरी परत जाताना पाणपोईपाशी तो एकदम थांबला. सकाळचे गुरुजी म्हणत होते, माझं शहाणपण जातंय. म्हणजे तेव्हा ते होतं. दुपारचे म्हणत होते, गेलंच नाही. तेव्हा ते नव्हतं. मग ऐकायचं कुणाचं, ते उघडच होतं! बत्तीस मेंढ्यांचा कळप आला, त्याला वळसा घालून गेला, तरी तो तिथेच उभा होता.

घरी मिक्का सातूच्या भाकरी भाजत होती. त्याने बायकोला सगळं सांगितलं.

“अहो, मग हे तिथंच का नाही बोललात?”

“तेव्हा सुचलं नाही.”

“नाही सुचलं की नाही धजलात?”

“आजवर मी कधी बोललोय, मिक्का? मी लिहितो.”

तिने भाकरी उलटली. “मग आत्ता जा. फेडिमोसला सांगा.”

तो गेला. फेडिमोसच्या दारातल्या नोकराने सांगितलं, धनी पुस्तक घेऊन मघाशीच पिरेयसला गेले, रात्रीचा मुक्काम तिकडेच आहे. डोरिओन तसाच चालायला लागला. शहरापासून बंदरापर्यंत गेलेल्या दोन लांब तटांच्या मधल्या वाटेने, दुखऱ्या गुडघ्याने, निम्म्याहून अधिक गेला. तिथे एका दगडावर टेकला आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागला. फेडिमोस काय विचारेल, आपण काय उत्तर देऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याला फेडिमोस म्हणाला असता, सकाळी शहाणपण होतं हे ठरवणारा तू कोण? त्याला उत्तर सापडेना. ऊन उतरलं तसा तो उठला आणि परत फिरला.

जहाज सुखरूप पोचलं. ऱ्होड्सहून पत्र आलं, पुस्तक फार आवडलं म्हणून.

हिवाळ्यात गुरुजींनी ओसरीवर जाणं सोडलं. फेडिमोस शिकवायला लागला, बरं शिकवायचा. डोरिओनला त्याने दोनदा बोलावणं पाठवलं. डोरिओन म्हणाला, डोळ्यांना दिसत नाही आता. तो रोज गुरुजींकडे जायचा, त्यांना न्हाऊ घालायचा, दाढी विंचरायचा. गुरुजी त्याला कधी भाऊ म्हणायचे, कधी खलाशी.

पुढच्या उन्हाळ्यात अंजिरं आली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी गुरुजी अंगणात बसल्याबसल्या म्हणाले, “डोरिओन.”

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून नाव आलं नव्हतं. डोरिओन चमकून वळला. गुरुजी सरळ त्याच्याकडे पाहत होते.

“त्या चार ओळी. राहिल्या ना शेवटी?”

अंगणात चिमण्यांचा कलकलाट चालला होता.

“राहिल्या, गुरुजी.”

“मी नाही म्हणालो का मधे?”

“म्हणालात.”

“तरी ठेवल्यास?”

“ठेवल्या.”

गुरुजींनी त्याच्या हातावर हात ठेवला. “मला खात्री होती,” म्हणाले, “तुझ्याइतकं कुणी...” आणि पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. ते शोधत राहिले. हळूहळू नजर डोरिओनवरून घसरली आणि भिंतीवर कुठेतरी जाऊन थांबली.

डोरिओनने टोपलीतलं एक अंजीर घेतलं, साल काढली, त्याच्या चार फोडी केल्या. पहिली फोड गुरुजींच्या ओठांजवळ धरली आणि ते तोंड उघडतील याची तो वाट पाहत राहिला.