श्री नावाच्या फोल्डरचं भूत

पडेगावात अप्पारावांच्या सॉफ्टवेअर कंपनीत सकाळपासून ही गर्दी! खालचा टायरवाला, समोरचा हॉटेलवाला, सगळे जिना चढून आलेले. सर्व्हरच्या कपाटाला हार, वर लिंबू-मिरची, आणि पुढ्यात मांडी ठोकून बसलेले कन्नड गावचे सर्व्हरनाथ महाराज. अहो, खरंच हेच नाव!

निशा मात्र बाहेर गॅलरीत बसली होती. तिची खुर्चीच तिथं काढून ठेवलेली. ती कामाला लागली आणि तिचा दवाखान्याचा प्रोग्राम सर्व्हरवरून गायब व्हायला लागला. सकाळी चालू करावा तर दुपारी नाहीसा. "पोरीचा पायगुण," असं महाराजांनी डोळे मिटूनच सांगून टाकलं. आज यज्ञ झाला की अप्पाराव तिला कायमचं घरी पाठवणार होते. पांढऱ्या पायाची म्हणवून घ्यायला का आईबापानं इंजिनिअर केलं होतं? तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता.

"यंत्रात अतृप्त आत्मा हाय," महाराज गरजले. "यंत्र सोताच बोलतंय. वाच रे!"

डेअरीचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या आकाशनं स्क्रीनवरची जुनी सूचना वाचली, "अनाथ कंटेनर सापडले."

"ऐकलं? मायबापाविना भटकतंय लेकरू! आता यज्ञ होईस्तोवर कुणी कीबोर्डाला हात लावायचा नाय."

कुणी लावला नाही, आणि यज्ञ संपेपर्यंत सकाळी चालू केलेला दवाखान्याचा प्रोग्राम जागचा हलला नाही. "लई पावर हाय महाराजांची!" टायरवाल्यानं कपाटाला दंडवत घातला. अप्पारावांचे तर डोळे भरून आले.

निशाचं डोकं तिथंच अडकलं. हात लावला नाही म्हणून टिकला, तर मग एरवी हात लावतं कोण? ती उठून तडक आत शिरली.

"आत नको येऊ!" अप्पाराव ओरडले.

"एकदाच, सर. मग खुशाल हाकला. आकाश, तुझी डेअरी चालू कर बरं."

आकाशनं केली. डेअरी चालू, दवाखाना गायब!

"बघा, आली का नाय अवदसा!" महाराज किंचाळले.

"मी कुठं काय केलं? बटण आकाशनं दाबलं. आकाश, तुझ्या फोल्डरचं नाव काय?"

"श्री."

"माझ्याही फोल्डरचं श्रीच."

कंपनीची रीतच तशी होती. शुभकार्याला आधी श्री, म्हणून अप्पारावांनी प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरला तेच नाव द्यायला लावलेलं. निशानं समजावलं, "कंटेनर म्हणजे एकेका कामाचा बंद डबा. आपण वेगळं नाव दिलं नाही, की सर्व्हर फोल्डरचंच नाव प्रकल्पाला लावतो. दोन श्री, म्हणजे त्याच्या लेखी एकच घर. मग आकाशनं डेअरी चालू केली की माझे डबे सर्व्हरला परके दिसतात. त्यांनाच तो अनाथ म्हणतो. आणि आकाश, तू त्याला काय सांगतोस रे?"

"अनाथ असतील ते काढून टाक," आकाश ओशाळला. "सारखी सूचना यायची, कटकट नको म्हणून..."

निशानं जुन्या श्रीचे उरलेसुरले डबे बंद करून काढून टाकले. दोन्ही प्रकल्पांच्या फायलींत नावाची एकेक ओळ घातली: इकडं दवाखाना, तिकडं डेअरी. दोन्ही प्रोग्राम चालू केले. मग आकाशनं डेअरी पुन्हा पुन्हा चालू करून पाहिली. दवाखाना ढिम्म हलला नाही.

"यज्ञाचं फळ हाय हे," महाराज पुटपुटले.

"व्हय? मग नावं परत श्री करते. तुम्ही मंत्रानं दवाखाना वाचवून दाखवा."

महाराजांना एकाएकी कन्नडची जीप आठवली.

अप्पाराव खाली मान घालून म्हणाले, "चुकलं पोरी."

"सर, काय केलं की बिघडतं आणि काय नाही केलं की बिघडत नाही, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही ते महाराजांना विचारलं, टायरवाल्याला विचारलं. जिचं काम होतं तिला सोडून सगळ्यांना विचारलं."

मंडळी, तुमच्याही घरात काही आपोआप घडायला लागलं, तर कुणाचा पायगुण काढण्याआधी नेमकं काय बदललं ते तपासा. माणसाच्या माथी दोष मारायला अक्कल लागत नाही, कारण शोधायला लागते.

निशा कपाटापाशी तशीच उभी होती. "आणि सर, माझी खुर्ची?"

अप्पाराव स्वतः गॅलरीत गेले आणि सगळ्यांदेखत खुर्ची उचलून आत घेऊन आले.