घरंदाज माणसांचा रकाना

मी शिवकन्या, जळकोटकडच्या एका उपकेंद्राची सिस्टर. सोळा वर्षं झाली, गरोदर बायांची बोटं टोचत आले. सगळ्यांची मात्र नाही. सिफिलीस तपासायची पट्टी आली तेव्हा वरून कागद आला होता, प्रत्येकीची तपासणी करा म्हणून. आमच्या साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "सगळ्यांची कशाला? माणूस बघून टोचा. पट्ट्या पुरवून वापरा."

माणूस बघून म्हणजे तांड्यावरची, ऊसतोडीला जाणारी, ट्रकवाल्याची बायको. बाकीच्या घरंदाज. घरंदाज बाईला गुप्तरोगाची तपासणी सांगायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. त्यांच्या कार्डावर मी न टोचताच 'निगेटिव्ह' लिहायची. रकाना रिकामा दिसला की साहेबांचं डोकं लई फिरायचं.

मल्लम्माकाकूंचं घर तर घरंदाजांतलं घरंदाज. उदगीरला अडतीचं दुकान, दारात भिक्षेला आलेला जंगम कधी उपाशी गेला नाही. त्यांची सून सृष्टी. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं, दुसरं जन्मून तिसऱ्या दिवशी. काकूंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. नवस झाले, सोमवार झाले, लातूरचा मोठा डॉक्टर झाला. त्यानं माझं कार्ड बघितलं, निगेटिव्ह दिसलं, आणि सोनोग्राफीकडं वळला. पट्टीला एका प्लेट भज्याएवढाही खर्च नाही, पण ती गरिबांच्या बायकांसाठी होती.

तिसऱ्या खेपेला सृष्टीला चौथा महिना लागला. साहेब रजेवर होते, आणि मला तिचं तोंड बघवेना. रक्त कमी आहे का बघते, असं सांगून बोट टोचलं. वीस मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणजे सिफिलीस होता, आणि आधीची दोन्ही लेकरं त्यानंच नेली होती.

तालुक्याच्या दवाखान्यात ते पक्कं झालं. इलाज पेनिसिलिनचं इंजेक्शन, तिला आणि तिचा नवरा वीरभद्र, त्यालाही. मी घरी जाऊन सांगितलं. काकू आत गेल्या आणि सृष्टीची दोन्ही जुनी कार्डं घेऊन बाहेर आल्या.

"हे बघा सिस्टर. पहिल्या टायमाला निगेटिव्ह, दुसऱ्या टायमाला निगेटिव्ह. अक्षर तुमचंच हाय. मंग आता हे आलं कुठनं? गेल्या साली चार महिने माहेरी होती ही, देगलूरला."

वीरभद्र खाली बघत होता. तुरीच्या गाडीसोबत महिन्यातले दहा दिवस हैदराबादला राहणारा माणूस. ट्रकवाल्याच्या बायकोला आम्ही टोचत होतो, ट्रकात माल भरणाऱ्याच्या नाही.

"माझ्या पोराला सुई कशापायी?" काकू म्हणाल्या. "हिलाच नेऊन घालते देगलूरला."

सृष्टी भिंतीला टेकून उभी होती. अशीच इलाजाविना माहेरी गेली असती तर हेही लेकरू गेलं असतं, वर बदफैलीचा शिक्का बसला असता. तो माझ्या अक्षरातला. मला माझीच शिसारी आली.

"काकू, ते खोटं हाय," मी म्हणाले. "दोन्ही टायमाला मी तपासलंच न्हाई. तुमचं घर मोठं, म्हणून लिहून टाकलं."

काकूंनी हातातली दोन्ही कार्डं परत एकदा बघितली.

"म्हंजे आमचा मान राखला तुमी," काकू म्हणाल्या.

"हाव."

सृष्टीला दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन मिळालं. वीरभद्रनंही घेतलं, पार नांदेडला जाऊन, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मला साहेबांची नोटीस आली. खोट्या नोंदीबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. विनापरवानगी पट्टी वापरली, हा गुन्हा.

मुलगी झाली, अडीच किलोची, रडून घर डोक्यावर घेणारी. पाचव्या दिवशी बघायला गेले तर सृष्टीनं आपणहून ती माझ्या हातात दिली. मी तिचे पाय चोळत होते.

"सिस्टर," सृष्टीनं विचारलं, "आधीच्या दोन टायमाला ही पट्टी होती का तुमच्याकडं?"

"होती. डबा भरून होता कपाटात."

तिनं लेकरू माझ्या हातातून काढून घेतलं.