विहीण कोणासाठी रडली

सिनेमानं बायका बिघडतात, असं मालगुजाराच्या ओसरीवर पान चघळत सांगणाऱ्यांनी आमच्या देवकाबाईची गोष्ट ऐकावी. ऐकणार नाहीत. त्यांना बायका दिसतात त्या फक्त धानाच्या रोवणीला वाकलेल्या.

दिवाळी सरली की नवेगाव बांधच्या मंडईच्या जत्रेला गोंदियाचा छोटेलाल तंबू घेऊन यायचा. दरसाल एकच बोलपट. नवीन आणायची त्याची ऐपत नव्हती, आणि आणला असता तर बायांनी त्याला बांधाच्या तळ्यात बुडवला असता. गोष्ट साधी. सासू सुनेला माहेरी धाडत नाही, वाट पाहून आईचे डोळे जातात. शेवटी लेक येते, आंधळी आई हात चाचपून तिला ओळखते. तिथं अख्खा तंबू हुंदके द्यायचा. पुढल्या साली पुन्हा तेच, आणि रडू आणखी जास्त.

देवकाबाई सगळ्यांत जास्त रडे, कारण तिच्या लेकीचं, धनवंताचंही तेच होतं. मंडईला पोरगी यायची, पण सासू रुख्माबाई सोबत असायची आणि दिवस बुडायच्या आत बैलगाडीत घालून परत न्यायची. लग्न झाल्यापासून माहेरी एक रात्र नाही. कायदा कुणाचा? रुख्माबाईचा!

लढाईच्या दिवसांतल्या एका मंडईला देवकाबाईनं डाव टाकला. "ईनबाई, चाला ना व, दिवेलागणीचा खेळ पाहू. मंग जासान." विहीण पाझरली तर पोरगी चार दिवस राहील, एवढीच तिची आस.

रुख्माबाईनं जन्मात फक्त दंडार पाहिलेली. दंडारीत आवडलेला प्रवेश लोक ओरडून पुन्हा करायला लावतात. पडदा म्हणजे तेच, असं तिला वाटलं.

हात चाचपायचा प्रसंग आला. धनवंता रडली, देवकाबाई रडली. रुख्माबाई ढिम्म. देवकाबाईला वाटलं, डाव फसला. मग पडद्यावर सासू दिसली, रिकाम्या घराच्या उंबरठ्यावर एकटी. रुख्माबाईनं असा हंबरडा फोडला की छोटेलाल मशीन सोडून धावला.

"कोनी पाहात नाही व त्या बुढीले! सारे तिकडं आईपाशी!" ती पडद्याकडे हात करून ओरडली, "ए बाई, मांगं फिर! पुन्हा बस तिथं!"

"अरे माई, ये फिलम है. कल आना."

"कल त कल. गाडीचे बैल सोडा रे!"

बैल सुटले, मुक्काम पडला. चुकीच्या बाईसाठी का होईना, विहीण रडली होती!

तंबू उठेपर्यंत रुख्माबाईनं एक खेळ सोडला नाही. "आज थे पोरगी एवढ्या लवकर कायले येऊन राहिली?" असं ती पडद्याला सुनवायची आणि तंबू हसून लोळायचा. दिवसभर मायलेकी चुलीपाशी खिदळत बसायच्या.

तंबू उठला, गाडी जुंपली. धनवंता गाठोडं घेऊन चढू लागली, तर सासूनं तिला खाली ढकललं.

"तू राह्य. मी एकटीच जातो. उंबरठ्यावर बसून पाहातो, कसं वाटते त."

"आन करमलं नाही त, ईनबाई?" देवकाबाईनं विचारलं.

"त येईन बोंबलत! मले काय कोनाचा धाक आहे?"

गाडी पांदणीत वळली तरी बैलांवर खेकसणारा तिचा आवाज ऐकू येत होता. धनवंता केव्हाच घरात पळाली होती.